फुलीचे दिवस

फुगा वाऱ्याने एका बाजूला ओढला जायला हवा होता. तो सरळ वर चालला होता, आणि दुर्बिणीला डोळा लावून मी मनातल्या मनात म्हटलं, आज कुंभेशेतच्या पोरांचं काही खरं नाही.

"एवढी छान हवा पडलीय आणि तुझं तोंड का रे वाकडं?" शेजारी उभ्या असलेल्या मुरलीधर सबनीसने विचारलं.

हवा छानच होती. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, आकाशात ढगाचं नाव नाही, अंगाला गारवा आणि समोर खाडी आरशासारखी स्तब्ध. कुणाही भल्या माणसाने हात पसरून छाती भरून श्वास घेतला असता. मी वेधशाळेत निरीक्षक होतो. रोज सकाळी हायड्रोजन भरलेला रबरी फुगा सोडायचा आणि दुर्बिणीतून त्याच्या मागे राहून वर वारा कुठून कुठे वाहतो ते लिहून काढायचं, हे माझं काम. आम्ही तांडेल. माझ्या बापाने जन्मभर वारा वाचला तो मासळीसाठी, मी वाचला तो पगारासाठी. पण सवय तीच. वारा पडला की बापाचा जीव जसा खालीवर व्हायचा, तसाच माझा होतो.

"ती चिमणी बघ," मी मुरलीला म्हटलं.

खाडीपलीकडे कारखान्याच्या चिमणीतून धूर निघत होता. थोडा वर गेला आणि तिथेच आडवा पसरला. चुलीचा धूर माळ्याला लागून पसरतो, अगदी तसा. मी त्याला सांगितलं की वर खराच माळा आहे, फक्त तो लाकडाचा नाही, उबदार हवेचा आहे. रात्री आकाश मोकळं असलं की जमीन गार पडते, तिला लागलेली हवा गार होते, आणि वरची हवा उबदार राहते. खालची गार हवा त्या उबदार हवेतून वर जाऊ शकत नाही. मग बॉयलरचा धूर, टँकरचा धूर, रंग पातळ करायची द्रव्यं साठवलेल्या टाक्यांमधून निघणारी वाफ, सगळं आमच्या पाणदऱ्याच्या खोलगट जागेत कोंडून बसतं. त्यावर ऊन पडलं की ते शिजायला लागतं. त्यातून जो वायू तयार होतो तो चिमणीतून निघतच नाही, तो उन्हात जन्माला येतो.

"आणि मग?"

"मग दुपारी एकच्या सुमाराला खारा वारा सुटतो. समुद्राकडून येतो, हे सगळं उचलतो आणि नदीच्या खोऱ्यातून नेऊन नऊ मैलांवर कुंभेशेतात टाकतो. पुढे डोंगर आहे. तिथून ते हलत नाही."

"म्हणजे कारखान्याच्या दारात काही नाही आणि गळा धरला जातो कुंभेशेतचा?"

"दारात तर उलट कमी सापडेल. ताजा धूर तो वायू खाऊन टाकतो. सकाळीही कमी. ढग असले, जोराचा वारा असला, पाऊस शिंपडून गेला, तर जवळजवळ नाहीच."

मुरलीने खिशातून छोटी वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. कॉलेजातही तो असाच होता. समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचा आणि टिपून घ्यायचा. मुंबईत हॉस्टेलला आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली, मला टायफॉइड झाला तेव्हा तो माझ्या उशाशी बसून राहिला होता. माझ्या बापाच्या दहाव्याला तो रात्रीच्या गाडीने आला आणि पहाटे परत गेला. असा मित्र माझी विद्या वहीत उतरवून घेत होता, आणि मला फार बरं वाटत होतं.

आता हे सगळं त्याला हवं कशाला होतं, ते सांगतो. कारखान्याला तिसरा विभाग काढायचा होता. म्हणजे आणखी टाक्या, आणखी बॉयलर, आणखी टँकर. त्यासाठी परवानगी लागणार होती, परवानगीआधी जनसुनावणी होणार होती, आणि सुनावणीआधी कुंभेशेतच्या हवेची तपासणी होणार होती. ती तपासणी होणार होती ती माझ्या बायकोमुळे.

वत्सला कुंभेशेतच्या शाळेत शिकवायची. मुलं दुपारच्या खेळाच्या तासाला खोकतात, डोळे चोळतात, धावता धावता छाती धरून बसतात, हे आधी तिच्या लक्षात आलं. धूळ असेल, थंडी असेल, असं म्हणून बाकीच्यांनी सोडून दिलं होतं. वत्सला सोडणाऱ्यांतली नव्हे. हजेरीच्या कॅटलॉगमध्ये ज्या मुलाला त्या दुपारी खोकला आला त्याच्या खान्यात ती पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायला लागली. सत्तेचाळीस मुलं. काही दिवशी एकही ठिपका नसायचा, काही दिवशी एकोणीस. रात्री जेवताना ती मला विचारायची, आज वारा कसा होता, आणि मी सांगायचो. पंधरा दिवसांत आम्हा दोघांनाही कळलं की तिचे ठिपके आणि माझा फुगा एकच गोष्ट सांगतात. ज्या दिवशी फुगा सरळ वर जातो त्या दिवशी पोरं खोकतात.

आणखी एक होतं. मुलींच्या खेळायच्या रबरी रिंगा महिनाभरात तडकायच्या, त्यांच्यावर बारीक बारीक भेगा पडायच्या. त्याच दुकानातल्या रिंगा पाणदऱ्याच्या शाळेत दोन-दोन वर्षं टिकायच्या. तो वायू रबर खातो हे मला माझ्या फुग्यांमुळे माहीत होतं. वत्सला म्हणाली, रबराचं हे होतंय तर पोरांच्या छातीचं काय होत असेल. मग तिने गावाकडून अर्ज लिहून घेतला, सह्या गोळा केल्या, तीन वेळा जिल्ह्याच्या गावी जाऊन आली. शेवटी हुकूम निघाला की फेब्रुवारी आणि मार्च मिळून कोणतेही सहा दिवस कुंभेशेतची हवा मोजावी आणि अहवाल सुनावणीत वाचावा. आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर टाक्यांवर वाफ धरून ठेवणारी यंत्रणा बसवल्याशिवाय तिसरा विभाग नाही. खाली राहिला तर परवानगी.

मोजणीचं काम एका खासगी प्रयोगशाळेला मिळालं, आणि त्या प्रयोगशाळेचा मालक निघाला मुरली. मी त्या दिवशी घरी पेढे नेले होते. ते आठवलं की आजही माझंच मला हसू येतं, आणि ते बरं हसू नसतं.

त्या सकाळी फुग्याचं काम आटोपून मी त्याला घरी जेवायला नेलं. वत्सलाने भरलेले बोंबील केले होते. मुरली ब्राह्मणाघरचा, पण हॉस्टेलपासून माझ्या डब्यातली मासळी त्यालाच जास्त लागायची. हात चाटूनपुसून तो म्हणाला,

"वहिनी, तुमच्या नवऱ्याची मला मदत लागणार आहे. यंत्र मुंबईहून आणायचं म्हणजे गाडी, दोन माणसं, सगळा खटाटोप. ढगाळ दिवशी येऊन बसलो तर फुकट जाईल. सहाच दिवस आहेत हातात."

"मग हे सांगतील ना चांगले दिवस," वत्सला म्हणाली.

"चांगले नको. ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुठले दिवस अजिबात उपयोगाचे नाहीत तेवढं कळलं तरी पुरे. ते मी बाद करीन. उरलेल्यांत माझं मी बघतो."

मला हे बोलणं शहाण्या माणसाचं वाटलं. दोन-तीन दिवसांपुढचं खात्रीने सांगणं त्या काळी अवघड होतं, पण उत्तरेकडून ढगांचा पट्टा खाली सरकतोय किंवा वायव्येचा जोराचा वारा लागणार आहे, एवढं नकाशावरून आणि फुग्यावरून नक्की ओळखता यायचं. वाईट हवा ओळखणं चांगल्या हवेपेक्षा सोपं. आणि इथे गंमत अशी होती की आमच्या कामाला जी हवा वाईट, ती पोरांना चांगली.

माझ्या नोकरीत असली माहिती बाहेर द्यायची तर वरून लेखी परवानगी लागते. मी ती घेतली नाही. मित्राला तोंडी सांगायला कसली परवानगी, असं मी स्वतःला समजावलं. मुरली दर सोमवारी आणि गुरुवारी यायचा किंवा फोन करायचा, मी दिवस सांगायचो, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर वत्सला त्या तारखेला लाल पेनने फुली मारायची. मास्तरीण होती, फुलीसुद्धा रेखीव काढायची. फुलीचा दिवस म्हणजे यंत्र आणू नये असा दिवस. महिनाभरात तशा नऊ-दहा फुल्या झाल्या. येईल तेव्हा मुरली कॅलेंडरपुढे उभा राहून त्या वहीत उतरवून घ्यायचा.

काम कसं चाललंय म्हणून मी विचारायचो. उत्तम चाललंय, तो म्हणायचा. आकडे किती, हे मी विचारलं नाही. सुनावणीआधी आकडे फोडायचे नाहीत हे मला समजत होतं. तेवढा नियम मी पाळला.

एकदाच काय ते खटकायला हवं होतं. वत्सला संध्याकाळी शाळेतून आली आणि म्हणाली की वर्गातली एक मुलगी सांगत होती, यंत्राची गाडी काल पाटबंधाऱ्याच्या बंगल्यावर आली होती. तो बंगला गावाच्या पलीकडच्या अंगाला, शाळेतून न दिसणारा. मोजणी तिथेच चालायची.

"काल तर फुली होती," ती म्हणाली. "काल सकाळी शिंतोडेसुद्धा पडले होते."

तिने सरळ प्रश्न विचारला होता. मी मुरलीला फोन करून विचारू शकलो असतो. त्याऐवजी मी तिला शिकवायला बसलो. म्हटलं, अगं, असली यंत्रं नाजूक असतात. त्यांना आधी स्वच्छ हवा दाखवावी लागते, म्हणजे शून्य कुठे ते कळतं. तराजू आधी रिकामा नाही का बघत? त्यासाठी फुलीचाच दिवस लागणार. वत्सलाला ते पटलं. मला तर इतकं पटलं की मुरली किती काळजीने काम करतो याचं कौतुकही मी केलं. त्याने एक शब्द खोटा सांगितला नव्हता. त्याच्या वतीने खोटं मी रचलं, आणि तेही फुकट.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुनावणी झाली. पाणदऱ्याच्या समाजमंदिरात दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला कारखान्याचे कामगार आणि कंत्राटदार, दुसऱ्या बाजूला कुंभेशेतची माणसं, दोन टेम्पो भरून आलेली. वत्सला पुढच्या रांगेत बसली होती. मांडीवर खाकी कव्हर घातलेला कॅटलॉग आणि पिशवीत तडकलेली रबरी रिंग. मी मागे, खांबाला टेकून. सरकारी माणसाने पुढे बसू नये एवढी अक्कल मला होती.

मुरली उठला. पांढरा शर्ट, हातात अहवाल. त्याने आधी यंत्र कोणतं, पद्धत कोणती, मोजणीची वेळ कोणती ते वाचलं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मी मान हलवली, म्हटलं बरोबर. मग त्याने तारखा वाचल्या.

"दहा फेब्रुवारी. अकरा फेब्रुवारी. एकोणीस फेब्रुवारी."

अकरा फेब्रुवारीला माझा फुगा नऊ मिनिटांत ढगात गेला होता. दहाला त्याहूनही आधी. मला वाटलं, मी चुकीचं ऐकतोय. मी वत्सलाकडे पाहिलं. ती बोटांवर मोजत होती.

"दोन मार्च. तीन मार्च. बारा मार्च."

वत्सलाने मागे वळून मला शोधलं. तो चेहरा मी विसरलेलो नाही. तिला काही समजावून सांगायची गरजच नव्हती. सहाच्या सहा तारखांवर तिने स्वतःच्या हाताने फुली मारली होती.

आकडे अर्थातच कमी होते. मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नव्हते. अजून शेवटचं पान राहिलं होतं. मुरलीने तेही त्याच सुरात वाचलं. मोजणीच्या काळात हवामानाबाबत वेळोवेळी मोलाचं मार्गदर्शन केल्याबद्दल येथील वेधशाळेचे निरीक्षक श्री. हरेश्वर तांडेल यांचे आम्ही आभारी आहोत.

कुंभेशेतची माणसं एकेक करून मागे वळली. बाळाराम म्हात्रे म्हणून एक जण होता, त्याची धाकटी मुलगी दुपारी सगळ्यांत जास्त खोकायची. तो खुर्चीवरून अर्धा उठला.

"तांडेल, तुमीच दिलं ना दिवस काढून?"

दिले तर मीच होते.

तेवढ्यात वत्सला उभी राहिली. ती मुरलीबद्दल एक अक्षर बोलली नाही. आपल्याकडे मोजणीच्या दोन्ही महिन्यांची रोजची नोंद आहे, ती बघावी, एवढंच म्हणाली, आणि कॅटलॉग नेऊन टेबलावर ठेवला. ठिपके म्हणजे काय ते सांगितलं. रिंगही ठेवली. सुनावणीचे अध्यक्ष साधे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी रिंग वाकवून पाहिली, जुनी असेल म्हणाले, आणि बाजूला ठेवली. मग अहवाल आणि कॅटलॉग शेजारी शेजारी ठेवून पानं उलटली.

"बाई, दहा फेब्रुवारीला किती ठिपके आहेत?"

"एकही नाही."

"अकराला?"

"नाही."

"एकोणीस? दोन? तीन? बारा?"

वत्सलाने कॅटलॉगकडे पाहिलंही नाही. तिला पाठ होतं. "बाराला एक आहे," ती म्हणाली. "त्या मुलीला सर्दी होती. बाकी नाही."

सर्दीचं तिला कुणी विचारलं नव्हतं. पण खोटा ठिपका मोजून घ्यायची सवय तिला नव्हती. अध्यक्ष म्हणाले की म्हणजे आपली नोंद आणि प्रयोगशाळेची नोंद तंतोतंत जुळते, आणि कंत्राटदारांच्या बाजूने कुणीतरी हसलं. इतके महिने एकेक ठिपका राखून तिने जे जमवलं होतं, ते तिच्याच विरुद्ध साक्षीला उभं राहिलं.

मी खांब सोडून पुढे गेलो. नोकरीचं काय होईल ते मला दिसत होतं, पण तिथे उभं राहवेना. मी सांगितलं की ते सहाही दिवस ढगाचे आणि वाऱ्याचे होते, अशा दिवशी हा वायू तयारच होत नाही, कढई चुलीवरच नसेल तर तेल तापलं नाही म्हणून सांगण्यात काय अर्थ. मोकळं आकाश, पडलेला वारा आणि कडक ऊन, असा एक तरी दिवस मोजा. हे सहा दिवस टाळा असं मीच सबनीसांना सांगितलं होतं.

"लेखी दिलं होतंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. तोंडी."

"त्यासाठी तुमच्या कार्यालयाची परवानगी?"

"नव्हती."

"आणि या शिक्षिका आपल्या कोण?"

"पत्नी."

या वेळी हसणारे जास्त होते. मी मुरलीकडे वळलो. मला अजून वाटत होतं की तो बोलेल. खरंच वाटत होतं. टायफॉइडमध्ये उशाशी बसलेला माणूस भर सभेत मला तोंडघशी पडू देईल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

"सबनीस, यांनी आपल्याला हे दिवस टाळायला सांगितले होते का?"

मुरलीने चष्मा काढून पुसला. "तांडेल माझे जुने मित्र आहेत," तो म्हणाला. "हवामानावर आमच्या नेहमीच गप्पा व्हायच्या. हुकुमात कोणतेही सहा दिवस असं लिहिलंय. हे सहा दिवस आहेत."

अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं. बसायला माझी खुर्ची नव्हती.

बाहेर सायकलीचं कुलूप काढत होतो तेव्हा तो मागून आला. "हऱ्या," त्याने हॉस्टेलमधल्या नावाने हाक मारली. "एकही आकडा खोटा नाही. पाहिजे तर यंत्राच्या मूळ पट्ट्या बघ. माझ्याकडे चौदा माणसं कामाला आहेत, अहवाल उलटा गेला असता तर पुन्हा मला कुणी बोलावलं नसतं."

"मग माझं नाव कशाला घातलंस?"

"तू मदत केलीस म्हणून," तो म्हणाला. "मला ते न लिहिणं बरं वाटेना."

मला वाटतं, हे त्याने मनापासून सांगितलं. म्हणूनच ते जास्त लागलं. शत्रू परवडला, तो निदान समोरून येतो. याने माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या हातचं जेवून, माझीच विद्या शिकून केसाने गळा कापला, आणि वर आभार मानले. मी त्याला शिवी दिली नाही. द्यायला हवी होती असं पुढे अनेकदा वाटलं.

मी वत्सलाला म्हटलं, मी आत्ता घरी जाऊन कॅलेंडर घेऊन येतो, फुल्या दाखवतो. तिने रिंग पिशवीत टाकली. "राहू द्या," ती म्हणाली. "फुल्या माझ्या हातच्या आहेत. रात्री बसून मारल्या म्हणतील."

कुंभेशेतची माणसं टेम्पोत चढत होती. दर वेळी ती वत्सलाला बाई, चला सोडतो म्हणायची. त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. पोरांसाठी झगडणारी बाई एकीकडे गावाच्या सह्या घेते आणि दुसरीकडे तिचा नवरा कारखान्याला दिवस काढून देतो, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि त्यांची तरी काय चूक? बाळाराम शेवटी चढला. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि फळी लावून घेतली.

पुढे व्हायचं ते झालं. महिन्याभरात परवानगी मिळाली. मला मेमो आला, खुलासा झाला, आणि पावसाआधी माझी बदली मराठवाड्यात झाली. तिथे समुद्र नाही, खारा वारा नाही, माझा फुगा चार वर्षं कुणाच्या उपयोगी पडला नाही. वत्सलाने शाळा सोडली नाही. पालकांनी तिच्याशी नीट बोलायला दोन वर्षं घेतली. तिने खेळाचा तास सकाळी आठला घेतला आणि दुपारी खिडक्या लावून मुलांना गोष्टी वाचून दाखवायला लागली. आता त्या शाळेत कुणाला विचारलं की दुपारी खेळत का नाही, तर आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे म्हणतात. मुरलीचं पत्र दर दिवाळीला यायचं. मी फोडत नसे. मग ते बंद झालं.

पण मला सांगायचंय ते सुनावणीनंतरच्या आठवड्यातलं. बदलीचा हुकूम अजून यायचा होता. शाळा चालू होती. रात्री जेवणं झाल्यावर माझी आई निजायला गेली आणि वत्सला स्वयंपाकघरात आवराआवर करत होती. कॅलेंडर तिने काढून टाकलं होतं, भिंतीवर नुसता खिळा होता. हात पुसत पुसत तिने विचारलं,

"उद्या हवा कशी असेल हो?"

आमच्या संसारात हा प्रश्न तिने मला हजार वेळा विचारला असेल. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाला हवंय तुला?"

आवाज माझा होता, पण तो कुठून आला ते आम्हा दोघांनाही कळलं. हातातलं फडकं तिने ओट्यावर ठेवलं.

"आई पापड घालायचं म्हणतायत," ती हळू म्हणाली. "वारा असला तर उडतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठून मागच्या दारात गेलो. आकाश लख्ख होतं, चांदण्या अगदी खाली आल्यासारख्या दिसत होत्या. खाडीवर झुळूक नव्हती. नारळाची झावळी हलत नव्हती. पलीकडे दिव्यांच्या उजेडात चिमणीचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरला होता.

"घालू देत पापड," मी आत येऊन म्हटलं. "ऊन कडक पडेल. वारा अजिबात नाही."

वत्सलाने मान हलवली. मग तिने खुंटीवरची शाळेची पिशवी काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि ती कॅटलॉगच्या कव्हरात खोचून ठेवली.

"म्हणजे उद्या पोरांना बाहेर सोडायचं नाही," ती म्हणाली.